मनकर्णाबाईंची गेट मीटिंग

"एकच वाक्य आहे," मंजुषा वकील म्हणाल्या. "ते घातलं नाही तरी बक्षीसपत्र होईल, रजिस्ट्रीसुद्धा होईल. पण नंतर वाटलं म्हणून दिलेलं परत मागता यायचं नाही. ते वाक्य असेल तर मागता येतं."

औरंगपुऱ्यातल्या त्या माडीवरच्या ऑफिसात पंखा होता, पण त्याचा वारा फक्त वकीलबाईंच्या टेबलापर्यंत यायचा. अप्पाराव दांडगे घाम पुसत मसुदा वाचत होते. त्यांनी आयुष्यभर कागद असेच वाचले होते, प्रत्येक ओळीखाली बोट धरून आणि ओठ हलवत. शेजारी त्यांची मुलगी रूपा बसली होती. बोट कुठं थांबणार हे तिला माहीत होतं. ते तिथंच थांबलं.

'बक्षीस घेणार यांनी बक्षीस देणार व त्यांच्या पत्नी यांचा उभयतांच्या हयातीपर्यंत सांभाळ करावयाचा आहे. तसे न केल्यास हे बक्षीसपत्र रद्द होण्यास पात्र राहील.'

"हे कुणी घालाया सांगितलं?"

"मी," रूपा म्हणाली.

"म्हणजे पोराला आधीच नोटीस द्यायची. गुन्हा व्हायच्या आधी."

"काका, नोटीस नाही ही," वकीलबाई म्हणाल्या. "उद्या वेळ आलीच तर प्रांतांकडं अर्ज करता येतो, एवढंच. नव्याण्णव घरांत ती वेळ येत नाही."

"मग आमचं घर शंभरावं धरलं का तुम्ही?" अप्पारावांनी कागदाची घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि उठले. "जय भीम. ते वाक्य काढून ठेवा. पुढच्या शुक्रवारी रजिस्ट्रीला येतो."

परतीच्या वाटेवर ते रूपाच्या स्कूटीवर मागं बसले. छावणी ओलांडून नगर रोडला लागेपर्यंत त्यांचं बोलणं चालू होतं. रूपाच्या डोक्यावर हेल्मेट होतं आणि कानावर वारा होता. निम्मं तिला ऐकू आलं नाही. ऐकू आलं त्याचा अर्थ एवढाच होता, की दांडग्यांच्या घरात अजून कुणी पोराकडून भाकरीची पावती लिहून घेतलेली नाही.

गंमत अशी, की अप्पाराव म्हणजे पावतीचाच माणूस. वाळूजच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं मशीन चालवलं आणि त्यातली वीस वर्षं ते युनियनच्या कमिटीवर होते. दर तीन वर्षांनी करार व्हायचा. मॅनेजमेंटनं तोंडी दिलेला शब्द त्यांनी कधी धरला नाही. 'साहेब, तुमच्यावर विश्वास हाय. आता तेवढंच लिहून द्या,' हे त्यांचं वाक्य बजाजनगरात आजही नक्कल करून सांगतात. ज्यांना वाचता येत नव्हतं अशा कामगारांना त्यांनी सह्या करायला शिकवलं, आणि सही करायच्या आधी थांबायलाही शिकवलं. त्याच माणसाला स्वतःच्या घराच्या कागदावर एक ओळ सोसत नव्हती.

त्यात त्यांचा मुलगा प्रणय एका कंपनीत एचआरला लागला. म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. त्याला पहिली बढती मिळाली तेव्हा अप्पारावांनी आळीत पेढे वाटले होते आणि रात्री जेवताना म्हणाले होते, "आता माझ्यासारख्याला दारात उभं करशील तू." प्रणय म्हणाला होता, "उभं नाही आबा, खुर्ची देईन. पण वाढ देणार नाही."

प्रणय वाईट नव्हता, हे रूपालाही मान्य होतं. त्याला घराच्या वर मजला चढवायचा होता. घर त्याच्या नावावर नसेल तर बँक कर्ज देत नव्हती, आणि अप्पारावांच्या वयाला तर बँक दारातही उभं करत नव्हती. म्हणून बक्षीसपत्र. रूपाला घरात वाटा नको होता. ते तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिला ते वाक्य हवं होतं, आणि ते कशासाठी हे तिनं अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

कारण होतं पाण्याची बाटली.

मनकर्णाबाईंना, म्हणजे तिच्या आईला, चार वर्षांपासून कंपवात होता. हात थरथरायचा, पाऊल उचलायला वेळ लागायचा, आवाज खोल गेला होता. दिवाळीच्या सुमारास त्या न्हाणीत पडल्या. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून त्यांना एकटीनं उठता येईना. रूपानं रांजणगावातून साळूबाई नावाची एक बाई लावून दिली. ती पंधरवडाभर आली. मग मेघानं, प्रणयच्या बायकोनं, सकाळच्या शाळेतली नोकरी सांभाळून सगळं अंगावर घेतलं. "आपली माणसं असताना परकी बाई कशाला," असं प्रणय म्हणाला. अप्पारावांना तर ते ऐकून बरंच वाटलं. साळूबाईला नमस्कार करून पाठवून दिलं.

त्यानंतर मनकर्णाबाईंना दोनदा लघवीचं इन्फेक्शन झालं. दुसऱ्या वेळी ताप डोक्यात गेला आणि त्या रात्रभर मेलेल्या सासूशी बोलत राहिल्या. डॉक्टर म्हणाले, पाणी कमी पडतंय.

रूपा औषधांच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होती. तिचं कामच मोजायचं. तिनं आईच्या बाटलीवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या, सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा. मग आठवड्यातून दोनदा कामावरून सुटल्यावर ती वाट वाकडी करून बजाजनगरात यायची आणि बाटली बघायची. सकाळचं पाणी खुणेपर्यंत उतरलेलं असायचं, दुपारचंही. दुपारनंतरचं तसंच्या तसं. दरवेळी तसंच. दुपारनंतर अप्पाराव युनियनच्या ऑफिसात जायचे, आणि घरात असायची ती मेघा.

रूपानं निष्कर्ष काढला आणि तो मनात ठेवला. घर एकदा त्यांच्या नावावर झालं, की बाटली सकाळीही उतरणार नाही, असं तिला वाटायला लागलं होतं.

स्कूटी घरासमोर थांबली तेव्हा मनकर्णाबाई नेहमीच्या जागी, फाटकाच्या आत खुर्ची टाकून बसल्या होत्या. मागच्या दोन खोल्यांत कारखान्यातली पोरं भाड्यानं राहायची. ती शिफ्टला जाता-येता 'मावशी, जेवला का' विचारायची, म्हणून त्यांना ती जागा आवडायची. रूपानं आधी बाटली पाहिली. पाच वाजून गेले होते. पाणी दुपारच्या खुणेवरच होतं.

"आई, पाणी?"

"घेतलं ना."

"कुठं घेतलंस?"

मनकर्णाबाईंनी रस्त्याकडं बघितलं. मेघा आतून हात पुसत आली. "ताई, मी ग्लास हातात देते. त्या घेत नाहीत."

"हात थरथरतो तिचा. धरून पाजावं लागतं."

"धरूनच देते," मेघा म्हणाली आणि आत गेली. पोळपाटावर लाटणं जरा जोरात वाजलं.

अप्पाराव पायरीवर बसून बूट काढत होते. रूपा त्यांच्याजवळ बसली. स्कूटीवर तिनं येताना बराच विचार केला होता. वडलांना समजावून उपयोग नव्हता. वीस वर्षं त्यांनी मॅनेजमेंटचं समजावणं ऐकलं होतं.

"आबा, तुम्ही स्वतःसाठी कधी काही मागितलं का कंपनीत?"

"मी कामून मागू? मी कमिटीवर होतो. आपलं मागितलं की संपलं. मग कुणी विचारत नाय."

"मग तुमच्यासाठी अट नको. राहू द्या. पण आईचं काय?"

"तिचं काय?"

"घर तुमच्या नावावर. तुम्ही ते प्रणयला देणार. सही तुमची, घेणार तो. आईची बाजू टेबलावर मांडायला कुणी आहे का?"

अप्पाराव एका पायात बूट घालूनच थांबले. फाटकाशी मनकर्णाबाई कुणा पोराला 'डबा खाल्ला का' विचारत होत्या, आणि आवाज बारीक असल्यामुळं त्याला दोनदा वाकून ऐकावं लागलं.

"रविवारी बसू," अप्पाराव म्हणाले. "प्रणयला सांग, सकाळी दहा. आणि म्हणावं, चहा मॅनेजमेंटचा."

रविवारी अप्पाराव इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून जेवणाच्या टेबलाशी बसले. समोर प्रणय. त्याला आधी हसू येत होतं.

"आबा, मालक तुम्हीच आणि युनियन लीडरपण तुम्हीच. हे कोणत्या कायद्यात बसतं?"

"मालक आपलं बघून घेईल. मी इथं मनकर्णाबाई दांडगे यांचा प्रतिनिधी म्हणून बसलोय. त्यांची सर्व्हिस माहीत हाय का? लग्नापासून आजपर्यंत. एक दिवस रजा नाय, कॅज्युअल नाय, सिक नाय."

"मग ग्रॅच्युइटी काढा ना त्यांची. तुम्हीच दिली नाही इतकी वर्षं."

"चहा नको मला," अप्पाराव म्हणाले. मेघानं पुढं केलेला कप त्यांनी बोटानं मागं सरकवला. पहिला मुद्दा मिटल्याशिवाय ते चहा घेत नसत. कंपनीतसुद्धा नाही.

रूपा कोपऱ्यात कागद-पेन घेऊन बसली. पहिला मुद्दा तेच वाक्य होतं. अप्पारावांनी ते पाठ केल्यासारखं म्हणून दाखवलं. वकिलाच्या माडीवर त्यांना जे सोसलं नव्हतं, ते आता तोंडातून टेबलावर हात आपटून निघत होतं.

"चालेल," प्रणय म्हणाला.

"काय?"

"चालेल. घाला ते वाक्य. मी बँकेत विचारलंय. त्यांना तुमची आणि आईची संमती लागेल, गहाणाच्या वेळी सही करावी लागेल. होतं ते." तो रूपाकडं वळला. "ताई, मी नाही म्हणालो होतो का? तू वकिलाकडं गेलीस, आबांना घेऊन गेलीस. मला एकदा तरी विचारलंस?"

रूपानं विचारलं नव्हतं. तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

अप्पाराव जरा हिरमुसले. भांडायची तयारी करून आलेल्या माणसाला एवढ्यात मान्य झालेलं आवडत नाही. पण त्यांनी चहा घेतला.

दुसरा मुद्दा भाड्याचा. मागच्या दोन खोल्यांचं भाडं आईच्या हयातीपर्यंत आईच्या खात्यावर जावं, औषधपाणी त्यातून व्हावं. इथं मात्र प्रणय अडला. ते भाडं त्यानं हप्त्यात धरलं होतं. मजला चढवायचा म्हणजे शेवटी सगळ्यांसाठीच की, असं त्याचं म्हणणं.

"महिन्याची औषधं मीच आणतो ना आबा? मग खात्यावर कशाला? डाव्या खिशातून उजव्या खिशात."

"खिसा कुणाचा, त्यावर हाय," अप्पाराव म्हणाले. "तुझ्या खिशातनं आली की ती मेहेरबानी. तिच्या खिशातनं आली की तो हक्क. एवढं तुझ्या एचआरमध्ये शिकवत नायत का?"

"शिकवतात. पण परीक्षेला येत नाही."

हसू झालं. शेवटी एका खोलीचं भाडं आईचं, एकीचं हप्त्याला, असं ठरलं. अप्पारावांनी दोन्ही मागून एक घेतलं होतं. त्यांचा चेहरा पूर्वी करार झाल्यावर व्हायचा तसा झाला.

"तिसरा मुद्दा माझा आहे," रूपा म्हणाली.

तो तिनं स्वतः लिहून आणला होता. 'मुलगा व सून हे मनकर्णाबाईंची सर्व सेवा-शुश्रूषा, अंघोळ, खाणेपिणे, उठबस स्वतः करतील. हे काम नोकरावर सोपवणार नाहीत.' वाचताना तिनं 'खाणेपिणे'वर किंचित जोर दिला.

स्वयंपाकघराच्या दारात मेघा उभी होती. इतका वेळ ती काहीच बोलली नव्हती.

"लिहा," ती म्हणाली. "मी करतेच आहे."

"करतेस. पण बाटली संध्याकाळीही दुपारच्या खुणेवरच असते, मेघा. मी बघते दर वेळी."

"तुम्ही आल्या आल्या बाटली बघता, ते मला दिसतं, ताई. मी काही आंधळी नाही."

"ताई," प्रणयचा आवाज बदलला. "हे बरोबर नाही."

"मी कुणावर आरोप करत नाहीये. आकडा सांगतेय."

मेघाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ती तिथून हलली नाही. अप्पारावांनी घसा साफ केला. वाटाघाटीत आवाज चढला, की ते कागद पुढं ओढायचे.

"लिहिलंय ना? तिन्ही मुद्दे झाले. सह्या नंतर. आधी गेट मीटिंग."

"कसली?" प्रणयनं विचारलं.

"अरे, तुला एवढं माहीत नाय? कमिटीनं आत काय ठरवलं, ते गेटवर सभासदांना वाचून दाखवायचं. ते हो म्हणाले तर सही. नायतर परत आत." अप्पाराव उठले. "माझ्या सभासद गेटवरच बसल्यात."

खरंच होतं. मनकर्णाबाई फाटकाशी खुर्चीत बसल्या होत्या. ज्यांच्याबद्दल सकाळपासून बोलणं चाललं होतं, त्यांना आत बोलवायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सगळे बाहेर गेले. अप्पाराव त्यांच्यासमोर दोन पावलं सोडून उभे राहिले, पूर्वी उभे राहायचे तसे, पाय जरा फाकून.

"अवं, काय झालं?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "कुणी मेलं का?"

"ऐकून घे. तुझा करार हाय."

त्यांनी वाचलं. सांभाळाच्या वाक्यावर मनकर्णाबाईंनी मान हलवली. कंपवातानं ती तशीही हलायची, त्यामुळं प्रणयनं विचारून घेतलं, "आई, हो ना?" त्या म्हणाल्या, "व्हय." भाड्याचं ऐकून त्यांना हसू आलं. "मला खातं? बरं." मग अप्पारावांनी तिसरं वाचलं.

"परत वाचा."

त्यांनी परत वाचलं.

"ते काढा," मनकर्णाबाई म्हणाल्या.

आवाज इतका खोल होता, की सगळे जरा पुढं वाकले.

"काय काढू?"

"तिसरं. सुनेनं धुवायचं, बाई ठेवायची नाय, ते. ते मला नको."

"आई, ते तुझ्यासाठीच आहे," रूपा म्हणाली. "तुझी आबाळ होऊ नये म्हणून."

मनकर्णाबाईंनी रूपाकडं मान वळवली. बोलायला घेतलं की शब्द ओठाशी यायला वेळ लागायचा, म्हणून कुणी घाई केली नाही.

"यांच्या मायला म्या धुतलं," त्या अप्पारावांकडं बोट करून म्हणाल्या. "खाटेवर पडल्यापासून जाईपर्यंत. सगळं म्याच केलं. ती मला कधी वंगाळ बोलली नाय. पण म्या पदर खोचून जवळ गेले, की भिंतीकडं तोंड करायची. मला वाटायचं, म्हातारीला माझा राग हाय. लई वर्षं तसंच वाटलं." त्या थांबल्या. "आता कळलं, राग नव्हता."

मेघा एक पाऊल पुढं आली होती.

"मेघाचं काही चुकत नाय," मनकर्णाबाई म्हणाल्या. "ती लई जपून करती. हात लावताना तोंड दुसरीकडं करती, मला लाज वाटू नये म्हणून. तेच बघवत नाय मला. शाळेतनं येती, पोळ्या करती, मग मला न्हाणीत नेती. तिला मी काय सांगू? पाणी गार हाय म्हणू? हळू घास म्हणू? साळूबाईला म्हणायची मी. डोळे वटारून म्हणायची. तीपण म्हणायची, मावशी, गप बसा, नायतर साबण डोळ्यात जाईल. पगार घेती ती. तिला सांगाया काय लागतं?"

"मग आधी का नाही बोललीस?" प्रणयनं विचारलं.

"तू म्हणालास ना, आपली माणसं असताना परकी बाई कशाला. आता सुनेच्या हातचं नको म्हणलं असतं, तर हिला काय वाटलं असतं?" त्यांनी बाटलीकडं पाहिलं. "मग म्या आपलं दुपारनंतर पाणीच बंद केलं. पाणी नाय, तर उठणं नाय. सकाळी हे असतात, धरतात. दुपारनंतर बिचारी एकटीच असती."

फाटकाबाहेरून एक रिक्षा गेली. रूपा खुर्चीच्या हाताला टेकून उभी होती. बाटलीवरच्या तिच्या खुणा बरोबर होत्या, तिनं टिपलेला प्रत्येक आकडा बरोबर होता. त्यांच्यावरून तिनं जे काढलं होतं ते चुकलं होतं, आणि तेच वाक्य करून ती शुक्रवारी रजिस्ट्री करून घ्यायला निघाली होती. आईचं पाणी कायमचं बंद करणारं वाक्य. प्रयोगशाळेत असं झालं असतं तर तिनं दुसऱ्या कुणाची चूक शोधली नसती.

"मेघा," ती म्हणाली. खुर्चीचा हात सोडून तिच्याकडं वळली.

"राहू द्या, ताई," मेघा म्हणाली. अजून रागात होती ती, आणि तो तिनं लपवला नाही. "पण आता बाटली बघायची असली तर मला आधी विचारायचं."

"विचारीन."

मेघा सासूच्या खुर्चीजवळ खाली बसली. "आई, मला सांगायचं ना. मला काय वाटणार होतं? खरं सांगू, मला पण..." ती थांबली.

"तुला पण नको वाटतं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मला ठाऊक हाय की. म्या पण सून होते."

मेघाला एकदम हसू फुटलं आणि तिनं ओढणीनं डोळे पुसले.

अप्पाराव हातातल्या कागदाकडं बघत उभे होते. भिंतीकडं तोंड करून पडलेली त्यांची माय त्यांनाही आठवत असणार. त्यांनी तेव्हा काही विचारलं नव्हतं. ते फर्स्ट शिफ्टला जायचे आणि घरातलं सगळं व्यवस्थित आहे असं धरून चालायचे.

"सभासदांना नामंजूर," ते अखेर म्हणाले. "चला आत."

दुसरी बैठक टेबलाशी झाली नाही. तिथंच पायरीवर सगळे बसले. आता बाई लावायची, तीही रोजची, दोन्ही वेळची. म्हणजे एका खोलीच्या भाड्यात ते बसत नव्हतं. हे सगळ्यांना दिसत होतं आणि सगळे प्रणयकडं बघत होते.

"असं नका ना बघू," प्रणय म्हणाला. "मी म्हणजे काय खलनायक आहे का?" त्यानं मोबाइल काढला, हिशोब केला, परत केला. "वर तीन खोल्या काढायच्या होत्या, दोनच काढू. कर्ज कमी घेऊ. दोन्ही भाडी आईची."

"आणि दर तीन वर्षांनी फेरविचार," अप्पाराव म्हणाले.

"कसला फेरविचार?"

"भाडं वाढणार, बाईचा पगार वाढणार, दुखणं वाढणार. आजचा आकडा तीन वर्षांनी कोण धरणार? जन्मभराचा करार मी कधी केला नाय."

"आबा, पुढच्या तीन वर्षांनी तुम्ही पंचाहत्तरीला असाल. तेव्हा पण भांडणार?"

"नसलो तर रूपा बसंल तुझ्यासमोर. ती माझ्यापेक्षा वाईट हाय. आकडे घेऊन येती."

"आणि चुकीचे काढते," रूपा म्हणाली.

"आकडे नाही चुकले तुझे," मेघा म्हणाली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच रूपाला एकेरीत बोलली, आणि ते दोघींच्याही लक्षात आलं.

तिसरा मुद्दा रूपानं खोडला. त्याजागी लिहिलं, 'मनकर्णाबाईंच्या सेवेसाठी त्यांच्या पसंतीची बाई, त्यांच्या खात्यातून पगार देऊन ठेवण्यात येईल. बाई ठेवणे किंवा बदलणे हा अधिकार मनकर्णाबाईंचा राहील.' बक्षीसपत्रात यातलं किती घालायचं आणि वेगळ्या कागदावर किती, ते मंजुषा वकील ठरवतील. अप्पारावांनी ओळीखाली बोट धरून ते वाचलं. 'अधिकार' या शब्दावर बोट जरा रेंगाळलं.

मग ते उठून परत दोन पावलं मागं जाऊन उभे राहिले.

"सभासदांनी ऐकलं. मंजूर असंल त्यांनी हात वर करा."

"आधी पाणी द्या," मनकर्णाबाई म्हणाल्या. "बोलून बोलून घसा वाळला."

मेघानं बाटली उघडली आणि थांबली. मग ती रूपाकडं दिली. रूपानं आईची हनुवटी धरून पाणी पाजलं. दुपारची वेळ टळून गेली होती. पाणी खुणेच्या खाली उतरलं, आणखी खाली. मनकर्णाबाई घोट घोट करत पीत राहिल्या, बरेच दिवस घरी न आलेलं माणूस जेवतं तशा.

"साळूबाईला फोन कर," त्या तोंड पुसून म्हणाल्या. "म्हणावं, उद्यापासनं ये. आणि दुसरीकडं लागली असंल तर तिथनं सोड म्हणावं. पगार मी देणार हाय."

"हात, आई," प्रणयनं आठवण केली.

त्यांनी उजवा हात वर केला. तो थरथरत होता, नेहमीसारखाच. अप्पाराव त्याच्याकडं बघत उभे राहिले.

"मोजा की," मनकर्णाबाई म्हणाल्या. "किती येळ धरू?"

"एक," अप्पाराव म्हणाले. "बहुमतानं मंजूर."

मनकर्णाबाईंनी तोच हात खाली घेतला आणि रूपापुढं धरला.

"आता उठव मला. आज तू हाईस तर तू चल. लई पाणी पाजलंस."